चालू गाण्यातली बदली

आमच्या बँडचं नाव खडखडाट. अमरावतीत पंक बँड हाये म्हटलं का लोक आधी हासतात, मंग विचारतात, "वरातीले येता का?" अरे बाबा, याच्यावर नवरदेवाची घोडी पळून जाईन! तीन कॉर्ड, दोन मिनिटं आणि नुसती बोंब. बस स्टँडच्या संडासावरचं आमचं गाणं सगळ्यात जास्त गाजलं.

बँड काढला धर्मेंद्र तायडेनं, तेरा वर्षांआधी. नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात तो लूमवर, म्हणजे मागावर होता, बाकी येळ ड्रमवर. कारखान्यात एक रीत हाये, पाळी बदलली तरी मशीन बंद करायची नाई. नवा माणूस बाजूले येऊन उभा राहते, जुना म्हणते, "चालू हाये, सांभाळ," आणि मशीन चालता चालता माणूस बदलते. धर्मेंद्रनं हेच बँडले लावलं. बदली देल्ल्याबिगर कोणी जाचं नाई, आणि जाचं तर चालू गाण्यात जाचं.

आणि गेलेही पटापट! पहिला गायक भगवंत सरकारी कचेऱ्यांले शिव्या देत देत परीक्षा पास झाला आणि कचेरीतच जाऊन बसला. गिटारवाले चार झाले, त्यातले तीन पुण्याले गेले. बेसवाल्या पिंटूचं लग्न ठरलं तवा त्याच्या जागी मी आली. मी रागिणी, आमचं बाजारात फुलाचं दुकान. तिवश्याच्या गॅदरिंगमंधी गाणं चालू असताना पिंटूनं बेसचा पट्टा माया गळ्यात टाकला, मले वाटलं हारच घातला. चार ठोके बेस गायब होता, पण गाणं थांबलं नाई.

एवढी माणसं बदलली, धर्मेंद्र मात्र जागचा हालला नाई.

मागच्या उन्हाळ्यात तो सारखा "काय? काय?" करू लागला. एक दिवस त्याच्या आईनं, मैनाबाईनं, मले दवाखान्याचा कागद दाखवला. डावा कान अर्धा गेला होता, ड्रम सोडले नाई तर उजवाही जाईन म्हणे. कारखान्यानं त्याले लूमवरून काढून पॅकिंगले टाकलं होतं. त्याच्याजवळ आता फक्त ड्रम उरले होते.

"बदली पाहून राहिलो ना," तो म्हणे. पाहून राहिला म्हणे! एकाचा हात जड, दुसऱ्याचा हलका, तिसऱ्याचे जोडेच पसंत नाई. मंग मूर्तिजापूरची पिंकी आली. लॅबमंधी रक्त तपासते, आणि ड्रम असे वाजवले का आमी तिच्या तोंडाकडं पाहातच राहिलो. हा धर्मेंद्र म्हणते, "घाई करते."

माया डोक्शात तिडीक गेली. "धर्मेंद्रदादा, बदली भेटून नाई राहिली का तुलेच द्याची नाई? नियम आमच्यासाठी, आणि तुले सूट? बहिरा झाल्यावर कोनाले ऐकवशीन?"

तो खाली पाहून ड्रमचे नट कसत राहिला. मले वाटलं, ऐकूच नाई गेलं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं पिंकीले फोन केला, "अकोल्याले ये."

अकोल्याचा हॉल छोटा, पब्लिक दीडशे. शेवटचं गाणं संडासाचं. अर्ध्या गाण्यात पिंकी त्याच्या बाजूले टेकली. त्यानं डाव्या हातातली काडी देल्ली, तिनं धरली, ठेका चालूच. उजवी मात्र देईच ना! दोघंही एकेका काडीनं वाजवून राहिले, पिंकी घामानं डबडबली.

"सोड ना दादा!" मी वरडली.

ऐकलं का माया तोंडावरूनच समजला, माईत नाई. त्याचे ओठ हालले, "चालू हाये, सांभाळ." काडी तिच्या हाती गेली.

तो खाली उतरला, कानात कापूस कोंबला आणि स्टेजच्या फळीवर तळहात ठेवून उभा राहिला. लूमची चाल तो असाच हात ठेवून पाहे. मले रडू आलं. बेस वाजवता वाजवता रडली मी, सरळ सांगते.

गाणं संपल्यावर मी वाकून विचारलं, "कसं वाटलं?"

त्यानं फळीवरचा हात अजून उचलला नवता.

"घाई करते पोट्टी," तो म्हणाला. "पण बंद नाई पडू देल्लं."