डॉक्टरांना मी दिलेलं उत्तर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय, ते विचारू नका — सांगताना माझी मलाच इतकी चीड येतेय की मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

माझी धाकटी बहीण नंदा. दोन हजार चार साली तिच्या छातीत कॅन्सर निघाला. वय अठ्ठावीस, लग्नाला जेमतेम दीड वर्ष. नवरा मनमाडला रेल्वेत, त्याला रजा मिळायची मारामार. म्हणून उपचारापुरती ती नाशकात माझ्याकडे; पंचवटीतून रिक्षा करून तिला दवाखान्यात न्यायचे मी, फाइल धरायचे मी. आणि आमच्याकडची रीत तर तुम्हाला ठाऊकच आहे — पेशंटला बाहेर बाकावर बसवायचं आणि आत डॉक्टरांनी नातेवाइकांशी बोलायचं. काय रीत आहे! जिचं शरीर, तीच बाहेर. "तू बस गं, मी बघते," असं मीच म्हणायचे. मोठ्या रुबाबात.

ऑपरेशन झालं. केमो सुरू करण्याआधी डॉक्टर म्हणाले, या औषधांनी पुढे मूल होणं अवघड होऊ शकतं. मुंबईत नवराबायकोचं बीज जुळवून गर्भ गोठवून ठेवतात. दोन-तीन आठवडे जातील, तेवढं हिच्या बाबतीत थांबता येईल. मी विचारलं, मग मूल होईलच का?

"ते आज कुणीच सांगू शकणार नाही," ते म्हणाले. "पण तिला विचारा. उद्या सांगा मला."

विचारलं मी? नाही. भीती वाटली — थांबलो आणि रोग पसरला तर? पण भीतीच्या आड लपणार नाही मी. मनात दुसरंच होतं — जीव वाचतोय हे काय कमी आहे? एवढं कापून काढल्यावर हिला मूल कशाला हवंय? हो, याच शब्दांत. जे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं, ते मी शहाणीने ठरवून टाकलं — नाहीच होणार. दुसऱ्या दिवशी आत जाऊन सांगितलं, "दोघांनाही विचारलं. नको म्हणतात." तेव्हा नंदा बाहेर बाकावर मोसंबी सोलत बसली होती. माझ्यासाठी अर्धी ठेवली होती तिने.

नंदा वाचली. पाळी मात्र गेली ती गेलीच. पाच वर्षांनी मूल हवं म्हणून ती एका डॉक्टरीणबाईंकडे गेली, सोबत पुन्हा मीच. बाईंनी विचारलं, केमोआधी गर्भ गोठवायचं कुणी सुचवलं नव्हतं का?

नंदा माझ्याकडे वळली. "नाही ना गं ताई? आपल्याला कुणी काहीच बोललं नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणाले.

जिन्यातच रडली ती. मग त्या पहिल्या डॉक्टरांवर घसरली — मेल्याने एका शब्दाने सांगितलं नाही! आजही त्यांचं नाव निघालं की ती त्यांना शिव्या घालते. त्या भल्या माणसाला. आणि मी? मी निदान गप्प तरी बसते का? नाही. मीही घालते. तिच्यापेक्षा मोठ्याने.