बिनमिठाच्या भाताची बाजू

"भाटव्यांनी रोज भात घालू घालू कुत्री मरायले टेकवली होती. भात पोटात फुगला. आम्ही पांढरकवड्याले नेली म्हणून वाचली."

हे विधान माझ्या धाकट्या मेहुण्याचे आहे. भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा, अर्थात मी. मेहुण्याची मुकुटबनला शेती आहे, आवाज खणखणीत आहे, आणि आमच्या नात्यातल्या लग्नाची एकही पंगत हे विधान ऐकल्यावाचून उठत नाही. आजवर मी ते हसण्यावारी नेले. परंतु गेल्या आठवड्यात माझ्या सुनेने, याच विधानाचा हवाला देऊन, कुत्रीच्या भाताचे पातेले माझ्या हातून काढून घेतले आणि माळ्यावर ठेवले. आता गप्प बसणे शक्य नाही. मारेगावच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून मी आयुष्य काढले आहे. साक्ष कशी तपासतात हे मला कोणी शिकवू नये.

"रोज भात" हे शब्द खरे आहेत. पण कोणता भात? जाड तांदूळ, त्यात चौपट पाणी. मीठ नाही, हळद नाही, तेलाचा थेंब नाही. शीत बोटांत दाबले की लोणी झाले पाहिजे. मग तो परातीत पसरून पार निववायचा, कारण कुत्रे वाफ पाहत नाही, तोंड घालते. त्यातला फक्त ओंजळभर तिचा, आणि तोही उकडलेल्या अंड्याच्या किंवा कोंबडीच्या सोबतीने. नुसत्या भातावर कुत्रे जगवावे असे मी कधीच म्हटलेले नाही.

ही शिस्त मला कशी लागली, तेही सांगतो. मेहुण्याला हे ठाऊक नाही, आता होईल. या कुत्रीच्या आधी आमच्याकडे एक काळा कुत्रा होता. रात्रीच्या उरल्या भाताला सकाळी कांदा-लसणाची फोडणी पडे, आणि त्यातला वाटा मी त्याला कित्येक वर्षे स्वतःच्या हाताने, मोठ्या प्रेमाने घातला. तो हळूहळू थकत गेला. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या. एका उन्हाळ्यात तो गेला. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताचे वैरी आहेत, हे मला त्यानंतर कळले. म्हणून ही लाल कुत्री आली त्या दिवशी मी ठरवले की हिच्या तोंडात जाणारे प्रत्येक शीत माझ्या नजरेखालून जाईल.

आता त्या दिवसाकडे येतो. सर्वपित्री अमावास्या होती. वडे, कढी, भाजी, खीर, सगळे झाले होते. कावळ्याचे पान वर ठेवले होते, गाईचे देऊन झाले होते. उरला होता कुत्र्याचा घास. तो मी माझ्या परातीतून वाढत असताना मेहुणा मागे येऊन उभा राहिला.

"भाटवे, हा बिनमिठाचा काहून?"

"कुत्रीचा आहे."

"पितराचा घास आहे नं हा. तुमचे बाबा काय बिनमिठाचं जेवत होते?"

"माझे बाबा शेपूटही हलवत नव्हते."

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "दोघंही गप बसा. आजच्या दिवशी तरी माह्या सासऱ्याले मधात आणू नका."

आम्ही गप्प बसलो. निदान मी तरी. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात या गृहस्थांनी द्रोणभर खीर घेऊन मागचे दार गाठले. माझ्या वडिलांना खिरीत किसमिस लागे, म्हणून सौभाग्यवतींनी त्या दिवशी ती मूठ मूठ टाकली होती. पितरांविषयीचा त्याचा आदर खरा होता, हे मी मान्य करतो. म्हणूनच तो अधिक धोक्याचा होता.

दीड तासाने कुत्री तुळशीजवळ ओकली. पुन्हा ओकली. शेजारची चार माणसे जमली आणि मेहुण्याने वाकून निकाल दिला, "पहा, भातच आहे. फुगला नं."

मी गुडघे टेकले आणि काडीने ते सारे बाजूला केले. शितांच्या मध्ये फुगून टपोरी झालेली किसमिस होती, अख्खी.

"हे काय आहे?"

"किसमिस."

"कुठून आली?"

तो कावळ्याच्या पानाकडे पाहू लागला. मग म्हणाला, "किसमिस काय जहर असते काय? आपली लेकरं खातात."

मी वाद थांबवला आणि पांढरकवड्याच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, काय खाल्ले आणि किती वेळ झाला. मग म्हणाल्या, "एक मिनिट घालवू नका. ओकलेलं पिशवीत घेऊन या."

अख्खी काळीपिवळी जीप भाड्याने केली. मागच्या सीटवर मी आणि मेहुणा, आडवी कुत्री दोघांच्या मांड्यांवर, तोंड माझ्याकडे, शेपूट त्याच्याकडे, आणि माझ्या मुठीत ती पिशवी. चालकाला मी तीनदा सांगितले की खड्डे पाहू नको, रस्ता पाहा. दुसरा हात कुत्रीच्या बरगड्यांवर ठेवून मी तिचे श्वास मोजत होतो. अर्ध्या वाटेवर मेहुणा हळूच म्हणाला, "भाटवे, माह्या हातानं मेली तर ताई मले दारात उभं नाही करणार."

"मरत नाही," मी म्हणालो. मला काहीही माहीत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी ट्रेमध्ये ओतली, एकदा पाहिले आणि इंजेक्शन भरले. कुत्रीला आणखी ओकवले, सलाईन लावले. किसमिस एखाद्या कुत्र्याला काही करत नाही, एखाद्याचे मूत्रपिंड थोड्या दाण्यांत बंद पाडते, आणि कोणाचे काय होईल हे आधी सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या. मेहुण्याने विचारले, "अन् भात?"

"भाताचं काय?" त्या म्हणाल्या आणि सलाईनकडे वळल्या.

एवढ्यावर निकाल लागायला हवा होता. पण मेहुणा आज म्हणतो की डॉक्टरीण वयाने लहान, भाटव्यांचे पांढरे केस पाहून भाताविषयी काही बोलली नाही. ठीक आहे. तिचे म्हणणेही मी बाजूला ठेवतो.

दोन रात्री कुत्री दवाखान्यात राहिली. तिने कशालाही तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल चांगला आला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता साधा मऊ भात चमचाभर देऊन पाहा, मीठ नको. तो माझ्या डब्यात तयारच होता, आणि मेहुणाही शेजारीच बसला होता. मी घास पुढे केला. तिने मान फिरवली. मी पुन्हा केला. तिने पुन्हा फिरवली. ही गोष्ट मी आजवर घरात कोणाला सांगितलेली नाही, आणि मेहुण्यानेही, त्याचे हे उपकार मानले पाहिजेत, कधी सांगितलेली नाही. पण खटला जिंकायचा तर साक्ष पूर्ण दिली पाहिजे.

मी डबा त्याच्याकडे सरकवला. मरणाच्या दारातून परतलेल्या त्या कुत्रीने पहिला घास खाल्ला तो माझ्याच बिनमिठाच्या भाताचा, आणि तो तिला भरवला मेहुण्याने, स्वतःच्या हाताने.