ताठेकाकांची पाठ

गोल्फच्या मैदानावर गवत कापायच्या यंत्रावर बसून ज्याचा जन्म गेला, त्याची कंबर लवचिक कुठून राहणार? मागून हाक मारली की काका मान वळवत नसत, अख्खे वळत. म्हणून सगळे त्यांना ताठेकाका म्हणत. स्वभावही तसाच, मोडेन पण वाकणार नाही.

सुट्टीच्या दिवशी मैदान कामगारांना खेळायला मोकळं असे. वर्षातून एकदा जोड्यांचा सामना व्हायचा आणि काकांचा जोडीदार ठरलेला, तिथल्याच उपाहारगृहात काम करणारा धाकटा भाऊ. गेल्या सामन्यात फटका मारताना काकांची कंबर वळेना आणि चेंडू पुन्हा पुन्हा मैदानातल्या तळ्यात गेला, तेव्हा धाकटा बोलून गेला की दादा, आता तू बघायला बसत जा. झालं. काकांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. चहासुद्धा घरून नेऊ लागले.

यंदा सामना जवळ आला तसे काका घरात घुसमटू लागले. मग काकूंनीच त्यांना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे नेलं. बाईंनी झाडूचा दांडा खांद्यांवर आडवा धरायला लावला. पाय रोवा, कंबर सैल सोडा आणि पाठ फिरवा, असं सांगितलं.

कोपऱ्यातून काकू म्हणाल्या, "पाठ फिरवण्यात यांचा हात कोणी धरणार नाही, बाई. परत वळायचं तेवढं शिकवा."

बाई हसल्या. काकांना ते लागलं, पण रोज सकाळी ते अंगणात दांडा घेऊन उभे राहू लागले. हाडं कुरकुरायची, काका त्यांच्यावर खेकसायचे. हळूहळू पाठ फिरवली की खांदा हनुवटीखाली येऊ लागला. जोडीदाराचं मात्र काय? दुसरा कोणी त्यांना नको होता, आणि धाकट्याला विचारायला जीभ रेटत नव्हती. बिचारे नुसतेच फिरत राहिले.

सामन्याच्या सकाळी काका मैदानाच्या कडेला एकटेच काठी खांद्यांवर धरून अंग मोकळं करत होते. तळ्याकडे पाठ फिरवली, तर समोर धाकटा. हातात चहाचे दोन कप.

"दादा, पाठ छान फिरतेय की," तो चाचरत म्हणाला.

काका तसेच अर्धे वळलेले राहिले. डोळे भरून आले होते, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

"ते मला आधीपासूनच येतं रे," ते म्हणाले. "परत वळताना अडतं. जरा धर."

धाकट्याने कप गवतावर ठेवले आणि दादाची कंबर धरली.