युअर मॅन खोटारडा होता

१४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी साडेसहाला घर सोडलं, संध्याकाळी परत. पाऊस नव्हता.

आम्ही राहतो त्या मेनूथहून कासलबारला थेट गाडी नाही. आधी उलटं डब्लिनला जायचं, ह्यूस्टन स्टेशनवर गाडी पकडायची, पुढे तीन तास. तिथून संग्रहालयाच्या गावापर्यंत टॅक्सी. डबा सोबत न्या. गावात चहाशिवाय काही मिळत नाही.

या गावातला एक मुलगा एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला गेला. सरहद्दीवरच्या नव्या वस्त्यांत वकील झाला, मग आमदार, शेवटी राजदूत. त्याच्या जन्मघरात छोटं संग्रहालय आहे. फलकावर लिहिलंय, ‘मूळ रहिवाशांचा मित्र’. माझा नवरा अविनाश औषध कंपनीत इंजिनिअर. सुट्टीच्या दिवशी या वकिलाचे जुने कागद वाचत बसायचा. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या जमिनी काढून घेणारा कायदा याच मित्राने लिहिला होता. अविनाशने पुराव्यांची फाइल संग्रहालयाला पाठवली, मागून तीन पत्रं. उत्तर नाही. तो रोज टपाल बघायचा. मार्चमध्ये गेला. मी फाइल परत आणायला निघाले होते.

काउंटरवर ब्रीड नावाच्या बाई होत्या. नाव सांगताच त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि म्हणाल्या, “युअर मॅन खोटारडाच हो!”

आठ वर्षं आयर्लंडमध्ये राहून मला माहीत आहे, इथल्या बोलीत युअर मॅन म्हणजे ‘तो बाबा’. पण मला ऐकू आलं, ‘तुमचा माणूस’.

“माझ्या नवऱ्याला खोटारडा म्हणता?” मी ओरडले. टॅक्सीवाला दारातून डोकावला.

“अहो, नाही! तो वकील! भिंतीवरच्या चित्रातला दाढीवाला!” मग हळूच म्हणाल्या, “तुमचे मिस्टर बरोबर आहेत. मी पानन्‌पान वाचलंय. पण संग्रहालयाची कमिटी म्हणाली, अमेरिकेहून पाहुणे येतात, उगाच कशाला.”

“तेवढं तरी कळवायचं.”

“कळवणारच होते...”

“कधी? तो मेला.”

त्या खाली बसल्या. त्यांना माहीत नव्हतं.

“आत्ता लिहा,” मी म्हटलं. “त्याच्या नावाने. पोस्टाने पाठवा.”

त्यांनी दाढीवाल्याच्याच चित्राच्या पोस्टकार्डावर लिहिलं, ‘तुम्ही बरोबर होतात’. सही केली. फाइल मी आणली नाही. ती फलकाखालच्या टेबलावर ठेवायला लावली.

“कमिटीचं मी बघते,” ब्रीड म्हणाल्या.

“बघा. मी पुन्हा येणार आहे.”

तुम्ही गेलात तर फाइल टेबलावर आहे का बघा. नसेल तर विचारा. मोठ्याने.

राग तसाच आहे. सात महिने उशिरा आलेल्या एका ओळीने तो जात नाही. मंगळवारी कार्ड आलं, अविनाशच्या नावाचं. दारातून उचललं, फ्रिजवर लावलं आणि ऑफिसचा डबा घासायला घेतला.