तळव्याचा आरसा

आज नातवामागं पळणारे हे पाय मी एकदा घालवलेच होते. शुगर असून नवरात्रात तुळजापूरला अनवाणी निघाले आणि वर मिरवत होते, "देवीची कृपा, एक खडा टोचेना!" पन्नाशी उलटली होती, अक्कल तेवढी घरी राहिली होती.

वाटेत लिंबाखाली टेकले, तिथंही माझी शुगर आणि देवीची कृपा सगळ्यांना ऐकवली. शेजारी एक अनोळखी बाई चपला काढून कुंकवाच्या आरशात स्वतःचे तळवे न्याहाळत होती, नवरी तोंड बघते तशी. मी फिदीफिदी हसले. तिनं आरसा माझ्या टाचेखाली धरला. भला मोठा बाभळीचा काटा, भोवती रक्त, आणि मला पत्ताच नाही! काटा उपसून तिनं मला दटावलं,

"अक्का, ही किरपा न्हाय, माझ्यावानी शुगरनं पाय बधिर झालाय तुमचा. तोंड बघायला सारं गाव हाय. तळवं आपलं आपणच बघावं."