वाजणारी मिरची

आबा मिरची कानाशी धरून हलवायचे. आतलं बी खुळखुळलं, तर माल पास. नाही वाजलं, तर आणणाऱ्याच्या तोंडावर सांगायचे, "हाई लबाड शे. पानी मारेल शे." वजन वाढावं म्हणून वाळल्या मिरचीवर पाणी शिंपडतात, हे नंदुरबारात कुणाला सांगायला नको. आबांना मात्र अख्खं जग पाणी मारलेलं वाटायचं.

शेठच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवतात त्या मैदानावर, आबा माल पारखायचे आणि मी वजनाच्या चिठ्ठ्या लिहायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कॉलेजमा काय लिधं व्हतं?"

"कॉमर्स."

"त्यामा मिरचीना पेपर व्हता का?"

पुढे एक बी.एस्सी. झालेला आला, त्यालाही हेच. मला संशय, माणूस चौथी नापास असणार आणि आमच्या डिग्र्यांवर जळतो. राग यायचा, कारण पेपर खरंच नव्हता.

माझी पोर बारावी झाली. मला तिला फार्मसीला घालायचं होतं, तिला इतिहास हवा होता. इतिहास शिकून काय करणार, डोंबल? घरात आठ दिवस अबोला. शेवटी फॉर्मच्या आदल्या दिवशी दोन्ही फॉर्म घेऊन मी तिला आबांच्या घरी नेलं. मनात कपट होतं. डिग्रीवर एवढा संशय घेणारा माणूस तिच्या इतिहासाचा भुगा करील, मग ती मुकाट फार्मसीला जाईल.

ती बोलायला लागली. डोंगरातल्या मोलगी गावच्या बाजारात पूर्वी मिठाच्या बदल्यात चारोळी द्यायचे, ते तिला तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहायचं होतं. आबा मान वाकडी करून बसले, मिरची ऐकताना बसायचे तसे. मग म्हणाले, "भाऊ, पोर वाजी ऱ्हायनी. तिले जे जोयजे ते लेऊ दे."

मी गुमान इतिहासाचा फॉर्म भरला.

दिवाळीला नवा हंगाम लागला आणि आबा एकेक माल परत करायला लागले. "लबाड. हाई बी लबाड." मी त्यातली एक मिरची कानाशी धरली, तर चांगली वाजत होती. शेठ त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. कान उन्हाळ्यातच गेले असणार, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे फॉर्मच्या आधी.

मी तडक त्यांच्या घरी जाऊन ओरडून विचारलं, "आबा, त्या दिवशी माझ्या पोरीचं काही ऐकू आलं होतं का तुम्हाला?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. "नई," म्हणाले. "पन ती थांबनी नई."

आबा आता नाहीत. पोर शेवटच्या वर्षाला आहे. फोनवर नोकरीचं विचारलं की गप्प होते, आणि इतिहासाबद्दलचा माझा जुना संशय डोकं वर काढतो. मग मी मोलगीचं विचारतो आणि फोन कानाशी घट्ट धरून बसतो.