आईच्या पातळांची पायवाट

डोंगरात पायवाट आखायला फारशी अक्कल लागत नाही, म्हणूनच आमच्या डोंबिवलीच्या ट्रेकिंग ग्रुपने ते काम माझ्यावर सोपवलं. मलंगगडापासून माथेरानपर्यंत डोंगरातून चालत जाण्यासाठी एक सलग वाट तयार करायची, हे आमचं स्वप्न. त्यातला पहिला टप्पा माझा. पुढच्या रविवारी सगळा ग्रुप तो चालून बघणार होता. झाडांना खुणा बांधायच्या होत्या, पण प्लास्टिक नको, रंग नको, असं मीच मीटिंगमध्ये ठणकावलेलं (माझ्या तोंडाला कधीच ब्रेक नसतो!). शेवटी आमच्याच माळ्यावर जुन्या सुती पातळांचं बोचकं सापडलं. पातळं टराटरा फाडली आणि पट्ट्या रानभर बांधून आलो.

ग्रुपच्या आधी प्रयोग घरच्यांवर! "आईला खुणा दिसल्या, तर कुणालाही दिसतील," मी बायकोला, नंदाला म्हणालो. पायथ्याशी भाषणही ठोकलं. "मी पुढे, मग नंदा, शेवटी आई. खुणा बघत यायचं आणि सारख्या हाका मारून मला थांबवायचं नाही!"

आईने एकदाच हाक मारली. "अरे विनू, ही पट्टी..."

"दिसली ना? झालं तर मग! चल पुढे!"

वर पोचलो. खाली सोनेरी गवत, गार वारा, डब्यात थालीपीठ. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. "आता उतरताना आई पुढे," मी जाहीर केलं. "खुणा बघ आणि आम्हाला ने."

"कुठल्या खुणा?"

"झाडांच्या पट्ट्या गं!"

आईने शांतपणे पिशवी उघडली. आत माझी अख्खी वाट होती. व्यवस्थित घड्या घातलेली!

"ही तुझ्या बारशाला नेसलेल्या पातळाची. ही तुझ्या पहिल्या वाढदिवसाची. गोधडीसाठी जपून ठेवलेली पातळं! कुणा मेल्याने फाडली, म्हणून सोडत आले."

"मग सांगायचं नाही का?"

"तूच म्हणालास, हाका मारू नका!"

नंदाला थालीपीठ खाता खाता ठसका लागला. (मला अजून वाटतं, तो ठसका नव्हता.)

मग मी अंदाजाने उतरायला लागलो. थोड्या वेळाने एक वाकडा उंबर लागला. आणखी थोड्या वेळाने तोच उंबर पुन्हा लागला! ऊन कलायला लागलं. आईचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा मात्र मी खरोखर घाबरलो. पहिल्यांदाच गप्प बसलो.

आणि गप्प बसलो म्हणूनच ऐकू आलं. ढिंच्याक, ढिंच्याक! खालच्या गावात हळदीचा डीजे! दर लग्नसराईत ज्याच्या नावाने मी गॅलरीतून बोटं मोडतो, त्याच डीजेच्या मागे मी मुकाट्याने चालत निघालो. अंधार पडायच्या आत आम्ही थेट मांडवात!

"कुठशी आलाव?" नवरदेवाच्या आईने विचारलं.

"वाट चुकलो," मी म्हणालो.

"मंग बेस झाला! हलद हाय पोराची. जेवल्याबिगर नाय जायाचा!"

आईला खुर्ची मिळाली, गालाला हळद लागली. तांदळाची भाकरी, मटणाचा रस्सा, वर आग्रह! नंतर नवरदेवाच्या मामाने टेम्पोतून आम्हाला घरी सोडलं. त्या अनोळखी माणसांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. डीजेचेसुद्धा.

माझा टप्पा ग्रुपने दुसऱ्याला दिला. पट्ट्या आईने परत दिल्या नाहीत. तिने त्यांची गोधडी शिवली आणि मलाच पांघरायला दिली. हल्ली मी रोज माझ्याच वाटेखाली झोपतो. फक्त तिची डोक्याची बाजू कुठली आणि पायाची कुठली, हे अजून नंदाला विचारावं लागतं!